फुली मारलेली गल्ली

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक माणूस पावलं मोजत होता. सकाळचे नऊ वाजले असतील. मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो, म्हणजे पेपर समोर धरून त्याच्याकडे बघत होतो. टाचेला चवडा लावत तो या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेला, वहीत काहीतरी लिहिलं, आणि तसाच परत आला. अंगात पांढरा हाफ शर्ट, गळ्यात दोरीला बांधलेली शिटी, खिशात निळा खडू. वय माझ्याच आसपासचं, साठीच्या थोडं पुढं.

मोजणारा माणूस दिसला की मी सावध होतो. पस्तीस वर्षं मी मोजणीच्या कचेरीत कारकुनी केली. नकाशांचं कपाट माझ्या ताब्यात होतं. बोरीकडचे असोत की वालूरकडचे, शेताची मोजणी मागायला सख्खे भाऊ एका जीपमधून यायचे आणि मोजणी झाली की दोन जीपमधून जायचे. मापं घ्यायला कुणी उगाच येत नाही, एवढं मी त्या नोकरीत शिकलो.

शिवाय माझा स्वभावच शकी आहे, हे मी नाकारत नाही. दूधवाला हसला तर आज पाणी जास्त घातलंय असं मला वाटतं, आणि नाही हसला तर चोरी पकडली जाईल म्हणून घाबरलाय असं वाटतं. बायको म्हणते, "यांच्यापुढं देव उभा राहिला तरी आधी आधार कार्ड मागतील." मागीन. काय बिघडलं?

खरं दुखणं ओट्याचं होतं. आमचा ओटा गल्लीत अडीच फूट पुढं आलेला आहे. घर घेतलं तेव्हा तो फूटभर होता, मग पायरी झाली, मग पायरीवर फरशी बसली, मग फरशीला कोपरा काढला. नकाशात तो नाही. हे माझ्याइतकं गावात दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? दोन वर्षांपूर्वी पलीकडच्या वस्तीत रस्ता रुंद करायला म्हणून भिंतींवर अशाच खुणा झाल्या होत्या आणि पाठोपाठ जेसीबी आला होता. म्हणून मी पेपर खाली ठेवला.

"कशाचं माप घ्यायलाव?" मी विचारलं.

"सोमवारी मोर्चा हाय न्हवं का पाण्याचा," तो म्हणाला. "लय मानसं येणार. गल्ल्या बघून ठेवायलो."

"मोर्चा रस्त्यानं जातो. गल्ल्यांचं काय काम?"

"रस्त्यात मावला न्हाई तर?"

मग त्यानं सांगितलं की तो एसटीत कंट्रोलर होता, सारी नोकरी स्टँडवर गेली. जत्रेच्या दिवसांत एका गाडीच्या दारावर दोनशे माणसं कशी तुटून पडायची, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा एक आणि त्याच्या मागं ढकलणारे पन्नास, हे त्यानं हातवारे करून सांगितलं. "गर्दीत पुढच्याला मागचं ऐकू येत न्हाई अन् मागच्याला पुढचं दिसत न्हाई. वाईट कुणीच नसतंय. मागचा फक्त एक पाऊल टाकतो. पण ते पाऊल पुढं कुणाच्या तरी छातीवर पडतं. म्हणून बाजूला निघायला वाटा मोकळ्या ठेवाव्या लागतात."

मी यातल्या एका शब्दावर विश्वास ठेवला नाही. निवृत्त माणूस, कुणी सांगितलं नाही, नोटीस नाही, आणि पावलं मोजत हिंडतोय? आमच्या कचेरीत साधी मोजणी असली तरी शेजारच्या खातेदारांना आधी नोटीस जायची. हा आला आणि मोजायला लागला. याच्या मागं कोण आहे, हेच मी ताडत होतो.

"ही गल्ली पुढं कुठं निघते?" त्यानं विचारलं.

आमची गल्ली मधे काटकोनात वळते, त्यामुळं तोंडाशी उभं राहून शेवट दिसत नाही. वळल्यावर पन्नास पावलांवर लोखंडी गेट आहे आणि गेटपलीकडं मोठं मोकळं मैदान. डुकरं आत येतात म्हणून गल्लीनं ते गेट बसवलं होतं. त्याची चाबी आमच्या घरी, दाराआडच्या खिळ्याला.

तो पुढं चालायला लागला. चार पावलांत ओट्याशी आला असता, आणि टाचेला चवडा लावून ओटा मोजला असता. मी उठून उभा राहिलो.

"पुढं न्हाई निघत," मी म्हणालो. "मागं भिंत हाय."

"नक्की?"

"तीस वर्षं राहायलो इथं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, ओट्याकडं पाहिलं, आणि माणसानं माणसावर ठेवावा तसा विश्वास ठेवून मागं फिरला. कोपऱ्यावर शिंप्याचं दुकान आहे. शिंपी कापड आणायला गेला होता, शटर बंद होतं. शटरशेजारच्या भिंतीवर त्यानं निळ्या खडूनं हातभर मोठी फुली मारली आणि पुढच्या गल्लीकडं गेला.

संध्याकाळी मी मुद्दाम फेरफटका मारला. बाकीच्या गल्ल्यांच्या तोंडाशी बाण होते, आमच्या एकटीला फुली. बाणाच्या दिशेनं जेसीबी शिरणार, असा मी सरळ हिशेब केला आणि आपली बला टळली म्हणून खूश झालो. रात्री जेवताना एक भाकरी जास्त खाल्ली. बायकोनं तवा उतरवत विचारलं, "आज काय हाती लागलं तुमाला?" मी म्हणालो, काही नाही. शिंप्यानं दुसऱ्या दिवशी फुली पाहून विचारलं तेव्हाही मी म्हणालो, मला काय ठाऊक.

मोर्चा मात्र खरा होता, आणि मोठा होता. गावात नळाला दहा दिवसांनी पाणी येतं. खेड्यांत कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही. एरवी गाव आणि खेडी एकमेकांना शिव्या देतात, पण या खेपेला दोघंही कलेक्टर कचेरीवर एकत्र निघाले. झरीच्या लोकांनी म्हणे शाळेच्या पटांगणात चालायचा सराव केला होता. मला त्यातही काहीतरी काळंबेरं वाटलं.

आमच्याकडे एक रीत आहे. मिरवणूक असो, मोर्चा असो, समोरून जाणाऱ्यांना गल्लीनं पाणी पाजायचं. कुणाचा मोर्चा, कशासाठी, हे विचारायचं नाही. त्यात मग चढाओढ. मागं एकदा पुढच्या गल्लीनं लिंबाचं सरबत ठेवलं तेव्हापासून शिंप्याच्या मनात सल होता. यंदा त्यानं बर्फाची लादी मागवली. मोर्चाच्या स्वयंसेवकांना त्यानं विचारलं, पाणपोई कुठं मांडू? त्यांनी कंट्रोलरच्या वहीतला नकाशा बघून सांगितलं, तुमची गल्ली बंदच हाय, तोंडाशीच मांडा, कुणाच्या वाटेत येणार न्हाई. मागच्या गेटला एरवी कुलूपच असतं, त्यामुळं शिंप्याला त्यात काही खोटं वाटलं नाही. झालं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तीन टेबलं लागली आणि टेबलांच्या पुढं चार ड्रम. एक ड्रम माझा होता. दहा दिवसांनी नळ येणाऱ्या गल्लीनं घरातलं साठवणीचं पाणी काढून तिथं ओतलं, आणि त्या पाण्यानंच गल्लीचं तोंड बंद झालं. मला तेव्हा बरंच वाटलं. परका माणूस आत येणार नाही.

सोमवारी सकाळी बायको बचत गटाच्या बायांबरोबर निघाली. सगळ्यांनी गटाच्या नारिंगी साड्या नेसल्या होत्या.

"तुमी बी चला की," ती म्हणाली.

"मी घर बघतो."

"घर कुठं जायलंय?"

मी तिला चार सूचना केल्या. मंगळसूत्र पदराखाली घे. कुणी कागदावर सही मागितली तर करू नकोस. कुणी फोटो काढला तर चेहरा फिरव. आपलीच माणसं म्हणून कुणाच्या मागं जाऊ नकोस. ती हसली आणि गेली. जी एक गोष्ट सांगायला हवी होती ती माझ्या डोक्यातही आली नाही.

बाराच्या सुमाराला मी गच्चीवर गेलो. आमच्या गल्लीसमोर रस्ता अरुंद होतो. त्यात नालीच्या कामाला एका बाजूनं खोदलेलं, पत्रे उभे केलेले, गिट्टीचा ढीग. दुसऱ्या बाजूला मोर्चासाठी बाजार बंद, म्हणून सगळी शटरं खाली. एरवी माणूस पटकन एखाद्या दुकानात शिरतो, त्या दिवशी शिरायला दुकान नव्हतं. मोर्चाचं तोंड कचेरीपुढं अडवलं गेलं होतं आणि तिथं भाषणं सुरू झाली होती. मागून मात्र स्टँडकडून टेम्पोच्या टेम्पो माणसं उतरून येतच होती.

आधी मला वाटलं, लोक भाषण ऐकायला थांबलेत. मग घोषणा बंद पडल्याचं लक्षात आलं. हजारो माणसं आणि घोषणा नाही, नुसतं कण्हल्यासारखं ऐकू येत होतं. उभ्या ज्वारीत जनावर शिरलं की कणसं हलतात तशी डोकी या बाजूला, त्या बाजूला हलत होती. पाय कुणाचेच हलत नव्हते. हात खाली कुणाचे नव्हते, सगळ्यांचे छातीशी. आणि आमच्या पाणपोईच्या थोडं अलीकडं सात-आठ नारिंगी साड्या पत्र्याला चिकटल्यासारख्या दिसल्या. त्यातली माझी कोणती ते कळेना.

तेव्हा मला त्या कंट्रोलरचं बोलणं अक्षर न् अक्षर आठवलं. मी धावत जिना उतरलो. खिळ्यावरची चाबी घेतली, आधी मागं पळत जाऊन गेट सताड उघडलं, मग उलटा पळत गल्लीच्या तोंडाशी आलो. टेबलांपुढं चार स्वयंसेवक हातात हात गुंफून उभे होते आणि पाठीनं गर्दी थोपवत होते.

"सोडा हात," मी ओरडलो. "इकडं घ्या लोकांला. गल्ली उघडी हाय."

दंडाला पट्टी बांधलेला चाळिशीतला एक जाडजूड मास्तर होता. त्यानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. "काका, मागं व्हा. नकाशात बंद हाय."

"मी राहतो इथं."

"आत घेतले अन् मागं भिंतीला चेंगरले तर कोण जबाबदार? अफवा पसरवू नका."

तो माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होता ती नजर मी चांगली ओळखतो. कचेरीच्या खिडकीतून पस्तीस वर्षं मी लोकांकडं तसंच बघितलं आहे. हा कोण, याला काय पाहिजे, याच्या मागं कोण आहे. मी पुन्हा म्हणालो, उघडी हाय. त्यानं पुन्हा मान हलवली. त्याचं काही चुकत नव्हतं, त्याच्याजवळ नकाशा होता.

कंट्रोलर गिट्टीच्या ढिगावर उभा होता. मी टेबलावर चढून दोन्ही हात हलवले. भिंतीला पाठ घासत घासत तो आला. मी त्याच्या शर्टाची कॉलर धरली आणि कानात म्हणालो, "उघडी हाय. मी खोटं बोललो. गेट उघडून आलो."

त्यानं टेबलावर पाय दिला, शिटी तोंडात धरली आणि कंडक्टर गाडी मागं घेताना वाजवतो तशी वाजवली. पीप, पीप, पीप, न थांबता. आमच्या भागातल्या माणसाचा सारा जन्म एसटीत जातो. ती शिटी ऐकली की पाय आपोआप मागं सरकतो, मागून गाडी येतेय असं वाटून. विचार करायला वेळच लागत नाही. समोरची माणसं अर्धं पाऊल मागं झाली, त्यांच्या मागची झाली, आणि तेवढ्या जागेत आम्ही ड्रम लाथेनं आडवे केले आणि टेबलं उभी करून भिंतीला लावली. बर्फ, पेले, पाणी, सगळं रस्त्यावर.

"चौघं चौघं चला," तो ओरडत होता. "चप्पल सुटली तर सुटू द्या. वाकू नका. मैदानात गेल्यावर बी थांबू नका, पुढं सरका."

माणसं आत यायला लागली. चौघं चौघं. फक्त माझ्या ओट्यापाशी चौघं मावत नव्हते. तिथं आलं की चौथा माणूस तिघांच्या अंगावर जायचा, मागचे अडायचे, आणि परत धक्का बसायचा. मी ओट्यावर उभा राहून लोकांना दुसऱ्या भिंतीकडं ढकलत होतो. तेवढ्यात ती दिसली. तिरकी झाली होती, एक हात वर, पदर कुठंच नव्हता. मी हाक मारली. ती माझ्याकडं बघत असतानाच मागचा लोंढा आला आणि ती फरशीच्या कोपऱ्यावर आदळली. त्याच कोपऱ्यावर, जो मी हौसेनं काढून घेतला होता. मी दुसऱ्या हाताला धरून तिला वर ओढलं. तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. ती रडली नाही, तिला श्वासच मिळत नव्हता.

त्या दिवशी कुणी दगावलं नाही. पुष्कळांना मुका मार लागला, काहींचे हातपाय मोडले. पाण्याचं काय झालं, ते पुढच्या नळाच्या दिवशी कळेल असं लोक म्हणत राहिले.

नंतरचा आठवडा सांगायची मला लाज वाटते, पण सांगतो. गल्लीत मी मोठा माणूस झालो. शेजारी येऊन पाया पडायला लागले. आणि फुली कुणी मारली याची चर्चा सुरू झाली. कंट्रोलरचं नाव निघालं की शिंपी आवाज खाली आणून म्हणायचा, "मोर्चा मोडायलाच पाठवला असंल त्याला कुणीतरी." दुसरा म्हणायचा, "पावलं मोजत हिंडायलता, तवाच मला शक आलता." माझेच विचार माझ्या कानावर येत होते, आणि मी चहाचा कप हातात धरून गप्प बसत होतो.

एका दुपारी कंट्रोलर स्वतः बायकोची चौकशी करायला आला. मोसंब्यांची पिशवी आणली होती. हात गळ्यात बांधून ती खाटेवर बसली होती. तिनं सरळ विचारलं, "फुली कशी काय मारलीत हो तुमी?"

त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही. "चूक माझी हाय, बाई," तो म्हणाला. "पुढं जाऊन बघायला पाहिजे होतं. ऐकीव गोष्टीवर खूण केली."

तो गेल्यावर ती बराच वेळ मोसंब्यांकडं बघत बसली. कुणाकडून ऐकलं, हे तिनं विचारलं नाही.

रविवारी समाजमंदिरात माझा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, हार. कंट्रोलरला बोलावलं नव्हतं. चेंगराचेंगरी ज्याच्यामुळं झाली त्याला कशाला बोलवायचं, असं सगळ्यांचं मत पडलं. बायको पहिल्या रांगेत बसली होती. शाल अंगावर पडली. बोलायला उभा राहिलो आणि मग एकदम बोलूनच टाकलं. म्हणालो, त्या माणसाची चूक नाही. त्यानं मला विचारलं होतं. गल्ली बंद आहे असं मीच त्याला सांगितलं. माझा ओटा वाचावा म्हणून खोटं सांगितलं. फुली माझी आहे.

मग शिंपी उठला, त्याचे डोळे पाणावले होते. "बघा," तो म्हणाला, "साहेबांचा मोठेपणा बघा. त्या मानसाला वाचवायला आपल्या अंगावर घेतलं." आणि टाळ्या सुरू झाल्या. मी हात हलवून नाही नाही म्हणालो, तर टाळ्या वाढल्या. आयुष्यभर मी खऱ्या माणसांना खोटं धरलं, आणि एकदा मी खरं बोललो तर त्यांनी मला देवमाणूस करून टाकलं. त्या वेळी मला त्या लोकांचा राग आला. तुमच्यात एक तरी शकी माणूस असू नये का?

बायकोचा एक हात गळ्यात होता, त्यामुळं ती टाळ्या वाजवूच शकत नव्हती. पण ती बाकीच्यांसारखी हसतही नव्हती.

घरी आल्यावर तिनं माझी शाल खुर्चीवर टाकली.

"खरं बोललाव तुमी," ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

ती खाटेवर बसली. "त्या गर्दीत मी बायांला म्हणले, माझ्या मागं या, ही माझी गल्ली हाय, मागून मैदानात निघता येतंय. तो पट्टीवाला मास्तर म्हणला, मावशी, बंद हाय. मी म्हणले, तीस वर्षं राहायले. तो म्हणला, फुली बघा. मी फुली बघितली. अन् मला वाटलं, मीच चुकायले. घाबरून मला माझी गल्ली बी ओळखू येईना. मीच बायांला म्हणले, थांबा, ही न्हाई. अन् मग आमी तिथंच पत्र्याला चेंगरत उभ्या राहिलोत."

मी तिची चूळ भरायची वाटी उचलून आत ठेवली, परत बाहेर आणली.

सकाळी मी गवंड्याला न बोलावता स्वतःच पहार घेतली. फरशीचा कोपरा पहिल्या दोन घावांतच गेला. शिंपी दुकानातून धावत आला, साहेब, हे काय करायलाव म्हणाला. मी पुढचा घाव घातला. मागं वळून पाहिलं तर बायको दाराला टेकून उभी होती. मी ओटा सगळा पाडतोय की अर्धाच, ते ती बघत होती.